टाळी नीरेला, बेडी मुलीला

शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या घरीं जाणाऱ्या पत्रांत सिनेमाच्या नटीला जागा कशाला, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उलट विचारणें असें कीं, जिचीं गाणीं तुमच्या आजा-आजींनीं जत्रेच्या तंबूंत धुळींत बसून ऐकलीं आणि तुम्ही आज हातांतल्या मोबाईलवर ऐकतां, तिच्याविषयीं बरेंवाईट बोलण्याचा मक्ता शहरांतल्या शहाण्यांनाच कोणीं दिला? तिकिटाचा पैसा आमचा, टाळी आमची. मग मत तेवढें उसनें कां आणावें?

आम्ही बोलत आहोंत तें शांताबाई आपटे यांच्याविषयीं. नटी म्हटली कीं तिला अगं-तुगं करण्याची आपल्या लोकांना खोड आहे. पोवाडा म्हणणारा तो शाहीरबुवा आणि गाणें म्हणणारी ती मात्र बया! ही खोड आम्ही येथें पाळणार नाहीं. आडनांव वाचून जात हुडकणारेही निघतील. त्यांनीं खुशाल हुडकावी. येथें हिशेब कामाचा आहे.

१९३२ सालीं भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ बोलपटांत शांताबाई राधा झाल्या. पुढें पुण्याच्या प्रभात कंपनींत ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योति’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) या चित्रांत त्यांनीं कामें केलीं. त्या काळच्या पडद्यावर गाणारी बाई बहुधा गोठ्यांतल्या खुंट्यासारखी एका जागीं उभी राहून गाई. शांताबाईंचे डोळे गात, मान गाई, हात गात. गळा तर होताच. ‘कुंकू’ची संगीतरचना केशवराव भोळ्यांची, पण त्या चित्रांत पाठीमागून वाजंत्री म्हणून नाहींच. घरांत जो आवाज व्हावा तोच ऐकूं येतो, घड्याळाची टिकटिक सुद्धां. गाणें आलें तर ग्रामोफोनवर तबकडी लागते आणि नीरा तिच्याबरोबर गाते. वाद्यांच्या गर्दीआड लपायला जागा नाहीं. अशा ठिकाणीं आवाज उघडा पडतो. शांताबाईंचा आवाज उघडा पडला आणि उजळ निघाला.

(त्याच चित्रांत नीरा लाँगफेलो नांवाच्या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही गाते. आम्ही देशी भाषेच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले मास्तर. ती समजायला आम्हांला कोश उघडावा लागला. खुरपें खालीं ठेवून चित्र बघायला आलेल्या बाईनें तेथें काय करावें? नीरेच्या मनाची जिद्द सांगायला तुकोबाच्या भाषेंत शब्द नव्हते काय? असो.)

गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनीं हें चित्र केलें. पोरक्या नीरेला सांभाळणारेच तिला एका म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यांत बांधतात. नवऱ्याची मुलें जाणतीं, संसार करून झालेला. केशवराव दाते वकील झाले आहेत आणि फार सरस झाले आहेत. नीरा सांगते कीं, हा माझा नवरा नव्हे. ती घरांत राहते, पण बायको म्हणून राहत नाहीं. सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हां त्याला छडीनें फोडून काढते. शांताबाईंनीं हें सर्व रडून-भेकून केलें नाहीं. ओंठ आवळून, नजर न हालवितां केलें. पडद्यावरच्या सोशीक सुनांच्या रांगेंत अशी बाई उभी राहिली, याबद्दल त्यांना आमचा मुजरा.

आतां तक्रार. हें बंड जणूं प्रथमच झालें, अशी शहरांत वाहवा झाली. प्रथम कसलें? १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना याहून कडक शब्दांत जाब विचारला होता. त्याआधींपासून कुणबी, माळी, धनगर, कुंभार अशा पुष्कळ जातींत काडीमोड होत असे आणि पाट लागत असे. कोठें त्यालाच मोहतूर म्हणत. पंचांपुढें बाई उभी राही, दोन्हीकडचे ऐकून घेतले जात, काडी मोडली कीं ती मोकळी. तें सारें सोन्याचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पाट रात्रीं अंधारांत लावीत, पाटाच्या बाईला शुभकार्यांत मागें बसवीत, आणि पंच कांहीं धुतल्या तांदळाचे नव्हते. पण बाईला जिवंत नवऱ्यापासून सुटण्याची एक वाट होती. नीरेच्या गोष्टींत ती वाट नाहीं. म्हणून शेवटीं वकिलाला पश्चात्ताप होतो आणि तो स्वतःचा जीव देतो. म्हणजे बाईची सुटका व्हायला पुरुषानें आधीं थोर व्हावें आणि मग मरावें! नीरेची हिंमत एवढी, आणि निकाल अखेर म्हाताऱ्याच्या मर्जीवर. मुंबई इलाख्यांत हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा १९४७ सालीं झाला आणि सबंध देशाचा विवाहकायदा १९५५ सालीं. तोंपर्यंत पांढरपेशा घरच्या नीरांना जी सोय नव्हती ती आपल्या घरांत मोडक्यातोडक्या रूपानें होती.

होती, असेंच म्हणावें लागतें. कारण तुमच्यापैकीं ज्याच्या पदरीं चार पैसे आले, दोन मजली घर झालें, त्यानें पहिल्यानें काय केलें? “आमच्या कुळांत पाट लागत नाहीं” असें मिशीला पीळ देऊन सांगूं लागला! ज्या चालीबद्दल शहरच्या सुधारकांनीं आपल्याला गुरु करावें, ती चाल आपण हलकी म्हणून उकिरड्यावर टाकली आणि ज्यांच्या घरांत नीरा कोंडली होती त्यांची चाल दिवाळीच्या कपड्यासारखी अंगावर घेतली. रात्रीं मोबाईलवर नीरेच्या छडीला टाळी वाजवावयाची आणि सकाळीं माहेरीं परतलेल्या लेकीला “मेलीस तरी तेथेंच मर” म्हणून एस्. टी. त बसवावयाचें, हा कोठला न्याय? आम्ही हजेरी घेणारे मास्तर आहोंत. ऊसतोडीच्या मुलखांत मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला भाव नाहीं, म्हणून हंगामाच्या तोंडावर आठवी-नववींतल्या पोरी पटावरून गळतात. अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न लावणें गुन्हा आहे, हें बापाला ठाऊक असतें आणि लग्नांत जेवणाऱ्यांनाही. नीरेच्या पालकांनीं पैसा पाहिला म्हणून आपण त्यांना शिव्या देतों. येथें उचलीचा हिशेब कोण पाहतो?

शांताबाईंची दुसरी गोष्ट आम्हांला ‘कुंकू’हूनही मोठी वाटते. प्रभात कंपनी ही कांहीं सावकाराच्या पोरांनीं काढलेली पेढी नव्हती. मराठी सिनेमाचें मूळच कारागिरांचें. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनीं, ज्यांना जग बाबूराव पेंटर म्हणतें, कॅमेरा विकत घ्यायला ऐपत नव्हती तेव्हां तो स्वतः घडविला. त्यांच्याच हाताखालीं दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. कोणी यंत्राचा जाणकार, कोणी कुंचल्याचा. त्यांनीं १९२९ सालीं प्रभात काढली आणि पुढें ती पुण्यास नेली. अशा घामानें उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या दारांत १९३९ सालीं शांताबाई उपोषणास बसल्या. तंटा पगाराचा आणि कराराचा. त्या वेळच्या सिनेमाच्या पत्रांना आयतेंच खाद्य मिळालें. कोणी नखरा म्हणालें, कोणी थिल्लरपणा.

आम्ही विचारतों, खळ्यावर रास झाल्यावर सुतार बलुत्यासाठीं दिवसभर बसून राहतो, तो नखरा काय? वर्षभर नांगर-पाभर नीट ठेवली, तिचें माप मागतो. शांताबाईंनीं गळा लावला, डोळे लावले, दिव्यांच्या भट्टीसमोर उभ्या राहिल्या, आणि त्याचें माप मागितलें. आपण मजूर आहोंत हें ओळखून भर रस्त्यावर तसें वागणारी नटी त्या काळांत दुसरी कोण होती? पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, त्यांनीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत झगमगाटाचें वर्णन करून पोरासोरांना भुलविलें नाहीं; हा धंदा माणसाचें अंग कसें झिजवितो आणि पैसेवाला त्यावर कसा पोसतो, तें सांगितलें. भट्टीपुढें अंग कसें झिजतें हें आमच्या लोहाराला पुस्तक न वाचतां कळतें. पण नटी आणि लोहार एकाच जातीचे कष्टकरी आहेत, हें त्या पुस्तकानें कळतें.

येथें आमची दुसरी तक्रार येते. तें उपोषण एका कराराचें होतें. त्याच कारखान्यांत रंधा मारणारे, पडदे रंगविणारे, कपडे शिवणारे हात होते. त्यांचें माप शांताबाईंनीं आपल्या मापाबरोबर मागितलें असतें, तर मालकाला नखरा म्हणावयाची सोय राहिली नसती. एकटी बाई दारांत बसली कीं तमाशा होतो. सारें खळें बसलें कीं मालकाला धान्य मोजावें लागतें. आणि ज्या कारागिरांनीं स्वतः उपाशी राहून कॅमेरा घडतांना पाहिला, त्यांच्याच दारांत ही वेळ यावी, याची लाज आपण कारागिरांना वाटली पाहिजे. मालक झालेला सुतार मजुराची भूक किती लवकर विसरतो, याला साक्षीदार शोधायला पुण्यास जावें लागत नाहीं.

तिसरी तक्रार करतांना आम्हांला हंसूं येतें. १९३७ सालीं “हा माझा नवरा नव्हे” म्हणणाऱ्या शांताबाई १९४१ सालीं तमिळ ‘सावित्री’ चित्रांत सावित्री झाल्या, एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी त्यांत नारद होत्या. गाण्याच्या दृष्टीनें हा योग मोठाच. पण नीरेनें चारच वर्षांत यमाच्या मागें धांवावें, आणि तेंही नवरा परत मागायला! पोटासाठीं नट-नटीला जें मिळेल तें सोंग घ्यावें लागतें, हें आम्ही जाणतों. त्यांच्याच पुस्तकानें तें आम्हांला शिकविलें. तरी सल राहतो तो राहतोच.

आमच्या गांवांत वटपौर्णिमेला सावित्रीची कथा सांगायला बुवा येतात, त्यांना बिदागी मिळते. नीरेची कथा सांगायला कोणी येत नाहीं. म्हणून येत्या ग्रामसभेंत आम्ही अशी सूचना मांडणार आहोंत कीं, त्याच दिवशीं संध्याकाळीं शाळेच्या भिंतीवर ‘कुंकू’ दाखवावा, पुढच्या जागा बायकांना द्याव्या, आणि वकिलाच्या मरणाचा भाग येण्यापूर्वीं यंत्र थांबवून त्यांना विचारावें कीं, हिनें आतां काय करावें? पाटील आणि सोसायटीचे चेअरमन यांची हरकत येणार, हें आम्हांला ठाऊक आहे. ती त्यांनीं सभेंत, आपापल्या लेकी-सुनांच्या देखत सांगावी.