व्यवसायोपचाराची वाट वाडीपर्यंत जावी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्याच्या उरावरून गेला, खोपोलीत पोलादाचे कारखाने धगधगू लागले आणि कर्जतच्या भातखाचरांशेजारी शहरी धनिकांची फार्महाउसे उभी राहिली. या उलाढालीची किंमत माणसे शरीराने मोजत असतात. बोरघाटात गाडी उलटते, यंत्राच्या जबड्यात बोटे सापडतात, मधाच्या पोळ्यासाठी झाडावर चढलेला ठाकूर तरुण फांदीसकट खाली येतो. त्यात वयपरत्वे येणारा पक्षाघात आहे, जन्मतः मेंदूला इजा झालेली मुले आहेत आणि कुष्ठरोगाने बोटे आखडलेली वृद्ध माणसेही आहेत. डॉक्टर जीव वाचवतात, शल्यविशारद हाड सांधतो, रुग्ण घरी येतो आणि रुग्णालयाच्या दप्तरात त्याचे प्रकरण मिटते. घरच्यांचे प्रकरण मात्र तेव्हा सुरू होते. ज्याला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही, सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, परसाकडे एकट्याने जाता येत नाही, त्याच्यापाशी घरातले एक धडधाकट माणूस अडकून पडते. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ दोन मजुऱ्या बुडाल्या असा होतो.

या टप्प्यावर जे शास्त्र उपयोगी पडते त्याचे नाव व्यवसायोपचार. नाव थोडे फसवे आहे. अनेकांना वाटते, हा रोजगार मिळवून देण्याचा किंवा टोपल्या विणायला शिकवण्याचा काही उपक्रम असावा. वस्तुतः येथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवसभराचा व्यवहार: उठणे, धुणे, जेवणे, लिहिणे, खेळणे, राबणे. भौतिकोपचारात सांध्याची हालचाल आणि स्नायूंचे बळ यांवर भर असतो. व्यवसायोपचार विचारतो की, त्या हाताला भाकरी थापता येते का? येत नसेल तर हात तयार करायचा, ते शक्य नसेल तर काम करण्याची रीत बदलायची आणि तेही जमत नसेल तर साधन किंवा जागा बदलायची. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची गुंडाळी केली की, मूठ पूर्ण न मिटणाऱ्यालाही तो धरता येतो. एवढ्या साध्या गोष्टीमागे स्नायू, मज्जातंतू आणि मन यांचा मोठा अभ्यास असतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

हे शास्त्र भारतात रुजले ते महाराष्ट्रात. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकेतील क्वेकर कुटुंबातली कन्या विष्णू निंबकरांशी विवाह करून १९३०च्या सुमारास या देशात आली, कमला निंबकर झाली आणि येथलीच होऊन राहिली. पुढे अमेरिकेत जाऊन तिने व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जो जागतिक महासंघ अस्तित्वात आला, त्याच्या दहा संस्थापक देशांमध्ये नुकताच स्वतंत्र झालेला भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवनामुळे त्यांचे नाव शिक्षणक्षेत्रात अनेकांना ठाऊक आहे; परंतु त्यांचे मुख्य कार्य कोणते, हे मराठी घरांत अभावानेच सांगता येईल.

पाऊणशे वर्षांत त्या एका शाळेतून वृक्ष वाढला. केईएमसोबत शीव आणि नायर रुग्णालयांत, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात आणि नेरूळला पदवीचे शिक्षण मिळते. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. २००२ च्या कायद्याने राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची स्वतंत्र परिषद झाली. तरीही वृक्षाची सावली घाटाच्या पायथ्याशी पोहोचलेली नाही. साडेचार-पाच वर्षांची पदवी घेतलेली व्यक्ती मुंबई-पुण्यात स्थिरावते किंवा परदेशी जाते. त्यात तिचा दोष नाही. ज्ञानाला जिथे मोल आहे तिकडे ते वाहणारच. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्या सर्व लोकलच्या स्थानकाजवळ राहत नाहीत.

कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे १०० किलोमीटरचे. खोपोलीहून ते आणखी पंधरा किलोमीटरने वाढते. खांडसकडच्या एखाद्या वाडीतून अर्धांगाने लुळे पडलेल्या माणसाला आधी डोलीतून किंवा पाठुंगळीवर रस्त्यापर्यंत, मग सहा आसनी रिक्षातून नेरळ किंवा कर्जतला आणि पुढे गर्दीच्या लोकलमधून दादर-परळपर्यंत न्यायचे, अर्ध्या तासाचा उपचार घेऊन परत आणायचे, आणि हे आठवड्यातून तीनदा, कित्येक महिने! कोणते कुटुंब हे करू शकेल? १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा बचावपथकांना अंधारात, पावसात पायी डोंगर चढावा लागला, कारण वाडीला गाडीरस्ताच नव्हता. दुर्घटनेमुळे ती वाडी देशाला कळली. तशा कित्येक वाड्यांना पायवाट हाच रस्ता आहे आणि तेथील रुग्ण रोज त्याच वाटेने जगतात.

उपचाराला मुहूर्त असतो, हीच खरी अडचण आहे. पक्षाघातानंतर शरीर सावरण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. मेंदूच्या इजेमुळे आखडलेल्या बालकाला पहिल्या दोन-तीन वर्षांत योग्य रीतीने धरले, बसवले, खेळवले तर पुढचे आयुष्य वेगळे होऊ शकते. कारखान्यात तुटलेली बोटाची स्नायूरज्जू शल्यविशारदाने सांधली, तरी पुढचे सहा आठवडे फार नाजूक असतात. हात नुसता बांधून ठेवला तर रज्जू आजूबाजूला चिकटते आणि बोट कायमचे ताठ होते. घाईने वजन उचलले तर टाके तुटतात. या दोहोंमधली मोजकी हालचाल, योग्य कोनात बसवलेल्या आधारपट्टीसह, रोज करवून घ्यावी लागते. महिन्यातून एकदा परळला गेल्याने ते साधत नाही.

अमेरिकेने हा पेच १९५०च्या दशकाच्या अखेरीस व्यवसायोपचार सहायक ही पायरी निर्माण करून सोडवला. तेथे बहुधा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यात १६ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष रुग्णांमध्ये काम करावे लागते आणि नंतर राष्ट्रीय स्तरावरची परीक्षा असते. तज्ज्ञ रुग्णाची तपासणी करून उपचाराचा आराखडा ठरवतो, सहायक तो अमलात आणतो, नोंदी ठेवतो आणि बदल दिसला की तज्ज्ञाला कळवतो. आपल्याकडे पदवीधर तज्ज्ञ आला, रुग्णालयातला वॉर्डबॉय आधीपासून होता, मधली पायरी मात्र रुजली नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये रिहॅबिलिटेशन कौन्सिल आणि मेलबर्न विद्यापीठ यांच्या साहाय्याने समाजाधारित सेवेचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. दिव्यांग मित्र घडवण्याची ही कल्पना चांगली आहे, पण तो सर्व प्रकारच्या अपंगत्वाची तोंडओळख करून देणारा कार्यकर्ता असतो. सांधलेल्या रज्जूची जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही.

सहायकाची कल्पना मांडली की तज्ज्ञमंडळींकडून आक्षेप येतो: अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. आज सहायक म्हणून शिकलेला उद्या बाजारपेठेत स्वतःची पाटी लावून बसणार नाही याची हमी कोण देणार? ग्रामीण भागात पदवीविना सुया टोचणाऱ्यांची परंपरा सर्वांना परिचित आहे. म्हणूनच नोंदणी आणि देखरेख या दोन अटींशिवाय हे काम सुरूच करू नये. संसदेने २०२१ मध्ये केलेल्या सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात दोन ते चार वर्षांत पसरलेल्या किमान २,००० तासांच्या शिक्षणाची एक पायरी आणि किमान ३,६०० तासांची वरची पायरी अशी विभागणी केलेली आहे. सहायकाचा अभ्यासक्रम यांपैकी पहिल्या चौकटीत बसवून त्याला राज्य परिषदेच्या नोंदवहीत आणणे हे काम शासनाचे. सहायक कोणत्या नोंदणीकृत तज्ज्ञाच्या हाताखाली काम करतो, हे त्या नोंदीतच असले पाहिजे.

पण आक्षेपाच्या मुळाशी दुसरीही एक समजूत असते: ज्ञान वरून खाली वाहते आणि खालच्याने ते फक्त झेलायचे असते. ही समजूत जयपूरने खोटी पाडली आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथे जो कृत्रिम पाय घडला, त्याचे जनक दोन: शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि शाळा फारशी न शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा. परदेशी धर्तीचा पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यासाठी होता. भारतीय शेतकऱ्याला अनवाणी चिखलात उतरायचे असते, उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते. रबराचा तो पाय कारागिराच्या हातातून आला आणि डॉक्टरच्या शास्त्राने तो तोलून घेतला. दोघांपैकी एकट्याचे ते काम नव्हते. कुष्ठरोगाच्या क्षेत्रातही हेच घडले. अवैद्यकीय सहायक म्हणून नेमलेली माणसे घरोघर हिंडली, बधिर त्वचा तपासली, हातापायांची निगा शिकवली. पनवेल तालुक्यात नेऱ्याच्या शांतिवनाने तर काम हेच औषध कसे होते ते कर्जत-खालापूरच्या उंबरठ्यावर दाखवून दिले आहे.

स्थानिक सहायकाचे महत्त्व येथेच आहे. रुग्ण कितपत स्वावलंबी आहे हे मोजण्यासाठी जगभर वापरला जाणारा बार्थेल निर्देशांक १९६५ चा. त्यात दहा बाबी आहेत. पलंगावरून खुर्चीत जाणे आहे, जिना चढणे आहे. उकिडवे बसणे नाही, जमिनीवरून उठणे नाही, डोक्यावरचा हंडा नाही. कर्जतच्या वाडीत ना पलंग असतो, ना जिना. तेथील बाईच्या दृष्टीने प्रश्न असा की, लुळ्या हाताने चुलीत लाकूड सारता येईल का, ओणवे न होता लावणीचे आवण खणता येईल का, नुसतीच जुडी बांधून देता येईल का. ही उत्तरे वाडीतच वाढलेल्या मुलीला लवकर सुचतात. चूल मातीच्या ओट्यावर चढवावी, मोरीशेजारी बांबूचे दोन दांडे रोवावेत, बाळाला बसवण्यासाठी कोनाडी खुर्ची गावच्या सुताराकडून करून घ्यावी, हे ती सासूला तिच्याच बोलीत पटवू शकते. शिवाय तिला पंचांग ठाऊक असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या उपचाराच्या आखणीत हे स्थलांतर धरलेले नाही, तो कागदावर सहा महिन्यांचा आणि प्रत्यक्षात दोन महिन्यांचा होतो.

आता प्रश्न पोटाचा. सेवेचे व्रत सांगून तरुणांना फुकट राबवण्याची आपल्या समाजाला सवय आहे, आणि सेवाकार्याची आस्था बाळगणाऱ्यांनीही याबाबत स्वतःला तपासून पाहणे बरे. २००५ पासून गावोगावी आशा कार्यकर्त्या उभ्या राहिल्या; त्यांनी बाळंतपणे दवाखान्यात आणली, कोरोनाच्या काळात दारोदार फिरल्या. त्यांना वेतन न देता कामागणिक मोबदला दिला गेला आणि त्या मोबदल्यासाठी त्यांना वारंवार संपावर जावे लागले. व्यवसायोपचार सहायकाच्या वाट्याला तेच आले तर दोन वर्षे शिकलेली मुलगी वर्षभरात नवी मुंबईच्या एखाद्या खासगी रुग्णालयात निघून जाईल, आणि तिला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नसेल. म्हणून पदे आधी, वर्ग नंतर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे, समग्र शिक्षातील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे काम, ग्रामीण रुग्णालये अशा तीन ठिकाणी या पदांची गरज सहज दाखवता येते. खोपोली परिसरातील ज्या कारखान्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी खर्चावा लागतो, त्यांनी विद्यावेतनाचा भार उचलावा. दुखावलेले हात त्यांच्याच यंत्रांवरचे असतात.

मध्यमवर्गीय पालकांचेही थोडे चुकते. मुलगा अभियंता झाला नाही, मुलगी नीटमध्ये राहिली की घरावर सुतक येते आणि मग कसलीही पदवी चालते, फक्त ‘सहायक’ हा शब्द खपत नाही. पाठीला व्रण पडू नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कसे वळवावे, खाटेवरून उचलताना आपलीही कंबर कशी सांभाळावी, हे शिकलेले माणूस आपल्याच आजोबांसाठी शोधायची पाळी आली की तो शब्द अचानक मोठा वाटू लागतो.

प्रवेशाची अट मात्र विचारपूर्वक ठरवावी लागेल. पदवीसाठी बारावीला जीवशास्त्र आणि नीट लागते. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळांत शिकलेल्या अनेक मुलामुलींची वाट तेथेच बंद होते. सहायकाच्या वर्गात कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही घ्यावे आणि सुरुवातीचे काही महिने शरीररचनेची पायाभरणी मराठीतून करावी. पाठ्यपुस्तके मराठीत नाहीत ही सबब सांगितली जाईल. ती लिहून घ्यावीत. केईएम आणि नायरमध्ये मराठी तज्ज्ञांची वाण नाही.

कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौक येथील ग्रामीण रुग्णालये अशी तीन ठिकाणे या दोन तालुक्यांत आहेत. एक पदवीधर तज्ज्ञ कर्जतला पूर्णवेळ, आठवड्यातून एकेक दिवस कशेळे आणि चौकला, आणि पहिल्या तुकडीत बारा विद्यार्थी इतकी सुरुवात पुरेशी ठरेल. आधारपट्ट्यांसाठी लागणारा परदेशी प्लास्टिकचा पत्रा महाग पडतो. गरम करून वळवलेल्या पीव्हीसी पाइपच्या पट्टीवर अनेक ठिकाणी काम भागवले जाते, आणि बांबूची तर येथे ददात नाही. दिवसाला सहा तास धरले तर २,००० तासांना साधारण ३३४ दिवस लागतात. दोन वर्षांत ते बसवताना लावणीचे आणि कापणीचे आठवडे सुटीचे ठेवले तरी हिशेब जमतो. मुले त्या दिवसांत घरच्या शेतावर असतील.