गाडी लागणाऱ्यांची बाजू

‘प्रवासातला वेळ वाया घालवू नका, पुस्तक उघडा’ हा उपदेश स्नेहसंमेलनात एखादा पाहुणा करतोच. टाळ्याही पडतात. या उपदेशाविरुद्ध मला थोडे लिहायचे आहे, आणि तेही पुस्तकांवर प्रेम असताना.

माझे मूळ गाव सौंसर. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात असले तरी बोलीने मराठी. संत्र्यांच्या बागांचा मुलूख. 2023 साली या दोहोंचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तोपर्यंत जिल्ह्याचे गाव छिंदवाडा, आणि सौंसरहून तिकडे जाणारा रस्ता सिलेवानीच्या घाटातून चढतो. दाखले, परीक्षा, मुलाखती, सारे घाटापलीकडे! परीक्षेला निघालेली मुले बसमध्ये वह्या उघडून बसत आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्यांची तोंडे खिडकीबाहेर असत. पांढुर्ण्याची मुले सुदैवी. त्यांचे गाव नागपूर-इटारसी या मोठ्या लोहमार्गावर. नागपूर येईपर्यंत अख्खा धडा वाचून होई. आमच्याकडेही अडीच फुटी छोटी लाइन होती, 2015 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. ती इतकी सावकाश चाले की धडाच काय, कादंबरी संपावी.

शेजारचे तालुके, पुस्तके तीच. फरक चिकाटीत नव्हता, वाहनात होता.

याचे कारण कानात आहे. आतल्या कानातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारचे अवयव शरीराची हालचाल टिपतात. डोळे पानावर खिळले की ते मेंदूला सांगतात, ‘आपण स्थिर आहोत’. कान म्हणतो, ‘वळतो आहोत, थांबतो आहोत.’ दोन साक्षीदारांच्या या विसंगतीतून मळमळ उद्भवते, असे रीझन आणि ब्रँड यांनी 1975 च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. ज्यांचा आतला कान पूर्णपणे निकामी आहे त्यांना बोट लागत नाही, हे त्याला पोषकच. पण शिक्षा पोटाला का? 1977 मध्ये ट्रीझमन यांनी तर्क केला की, या गोंधळावरून मेंदूला विषबाधेचा संशय येतो आणि तो पोट रिकामे करू पाहतो. तर्कच आहे, पण मला पटतो. सुमारे पाच सेकंदांत एक हेलकावा, अशी संथ हालचाल सर्वांत वाईट. म्हणून रेल्वेची खडखड सोसते, घाटातली बस सोसत नाही. ड्रायव्हरला सहसा त्रास होत नाही, कारण वळण त्याला आधीच ठाऊक असते.

आपली भाषा म्हणते, ‘मला गाडी लागते.’ ऊन लागते, नजर लागते, तशी गाडी. दोष गाडीकडे! आपण अध्यापक मात्र म्हणतो, ‘याचे अभ्यासात मन लागत नाही.’

चोर्ला घाटातून गोव्याला जाणारे आपले विद्यार्थी मराठी विभागात लिहोत की कन्नड विभागात, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांनी वही मिटावी, पुढची जागा धरावी, दूर रस्त्याकडे पाहावे. मोबाइलवर वाचणे हाही उपाय नव्हे. ते पानच, फक्त लहान. उलटीची गोळी निघण्याआधी घ्यावी लागते आणि बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तेव्हा परीक्षेच्या सकाळी ती पहिल्यांदाच घेऊन पाहू नये; डॉक्टरांना आधी विचारावे. आले-लिंबू आजीच्या भरवशावर चालू द्यावे.

आणि ज्याला गाडी लागत नाही अशा मित्राने शेजारी बसून मोठ्याने वाचावे. माझा इतिहासाचा अर्धा पेपर असाच तयार झाला होता. वाचणारा सोबती पांढुर्ण्याचा होता, आणि गुण मला जास्त मिळाले याचा राग त्याने बरीच वर्षे धरला.