धोंडो गेला, नकुसा राहिली

‘र. धों.’ आणि ‘ना. धों.’ ही आद्याक्षरे मराठी वाचकाच्या चांगली परिचयाची आहेत. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, ‘गोट्या’चे जनक नारायण धोंडो ताम्हनकर आणि ‘रानातल्या कविता’ लिहिणारे नामदेव धोंडो महानोर. तिघांच्याही नावात वडिलांच्या जागी धोंडो आहे आणि तिघांपैकी कुणाचेही स्वतःचे नाव धोंडो नाही. कोकणातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबापासून मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरापर्यंत जे नाव एकेकाळी सहज ठेवले जात होते, ते आज केवळ मधल्या आद्याक्षरात शिल्लक राहिले आहे. एखाद्या बालवाडीच्या हजेरीपटावर आज धोंडो सापडला तर शिक्षिकेलाही हसू आवरणार नाही.

हसण्यापूर्वी या नावाची जन्मकथा मात्र समजून घ्यावयास हवी. धोंडा म्हणजे दगड. ज्या घरात एकामागून एक मुले दगावली, त्या घरात पुढचे मूल जन्मले की आईबाप त्याचे नाव मुद्दाम हलके ठेवीत. कुणी दगडू म्हणे, कुणी धोंडू. केरात लोळवून उचललेला तो केरू, भिक्षा मागून आणल्याप्रमाणे मानलेला तो भिकाजी, आणि कचरू, उकिरडा हीदेखील त्याच कुळातली. सटवाईची अथवा काळाची दृष्ट सुंदर वस्तूवर पडते. दगडाला कोण नेणार? बाळाला सोन्या म्हणण्याची ज्यांची हिंमत होत नव्हती, त्या मातापित्यांनी त्याला धोंडा म्हणून काळापासून लपविले. वरकरणी ओबडधोबड वाटणाऱ्या या शब्दामागे वात्सल्याचा केवढा मोठा आकांत दडलेला होता, याची कल्पना आजच्या पिढीला येणे कठीण आहे.

ही समजूत मराठी मुलखापुरती नव्हती. बंगालमध्ये दाईला अपत्य ‘विकून’ ते काही कवड्यांना परत घेत आणि त्यावरून मुलाचे नाव तीनकडी, पाचकडी पडे. तमिळ भाषेत ‘पिच्चै’ म्हणजे भिक्षा, आपला भिकाजीच तो. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानेही सोळाव्या शतकात आपल्या एका मुलाला ‘टाकलेला’ आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या दुसऱ्याला ‘सापडलेला’ अशा अर्थाची बाळनावे दिली होती. मृत्यूपुढे राजा आणि रंक यांची बुद्धी सारखीच चालते.

आपल्या शास्त्रकारांनी नामकरणाचा विचार फार बारकाईने केला आहे. आश्वलायन गृह्यसूत्रानुसार मुलाचे नाव घोषवर्णाने सुरू व्हावे आणि त्यात सम अक्षरे असावीत. प्रतिष्ठा हवी असेल तर दोन, ब्रह्मवर्चस हवे असेल तर चार. शिवाय आणखी एक नाव असावे, जे उपनयन होईपर्यंत केवळ आईवडिलांनाच ठाऊक असावे. नाव लपविण्याची ही जुनी दक्षता आणि नाव कुरूप करण्याची लोकरीत यांच्यात फार अंतर नाही. (गंमत अशी की घोषवर्ण आणि दोन अक्षरे या दोन कसोट्यांना ‘धोंडो’ बिनतक्रार उतरतो!) ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्ताच्या तीन मुलांची नावे तर शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल अशी आहेत, तिन्हींचा अर्थ कुत्र्याचे शेपूट. त्यातल्या मधल्याला बापाने शंभर गाईंच्या बदल्यात यज्ञपशू म्हणून विकले. देवकृपेने तो वाचला, विश्वामित्राने त्याला पुत्र मानले आणि मग तो देवरात झाला. नाव बदलल्याने माणसाचे स्थान बदलते, ही जाणीव इतकी प्राचीन आहे.

नाव हलके म्हणून माणूस हलका, असे मात्र मराठी समाजाने मानले नाही. १८५७च्या समरात ज्यांना पकडून देण्यासाठी इंग्रज सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले, ते नानासाहेब पेशवे इंग्रजी कागदपत्रांत धोंडोपंत याच नावाने आढळतात. पुण्याच्या सर्वांत प्रसिद्ध गणपतीला ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते हलवाई दगडूशेठ होते. निजामाच्या रझाकारांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या जालन्याकडील रणरागिणीचे नाव दगडाबाई शेळके होते. आणि या सर्व नामावळीत शिरोमणी शोभावेत ते महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८५८चा. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न स्वीकारले आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे आयुष्य भोगून ते गेले. काळाला चकविण्यासाठी योजिलेल्या नावाने आपले काम इतके चोख क्वचितच बजावले असेल.

याच घरात नावाचा पुढचा प्रवासही पाहावयास मिळतो. महर्षींच्या चार मुलांची नावे रघुनाथ, शंकर, दिनकर आणि भास्कर. दगडाच्या पोटी सूर्य जन्मले, असे कुणी म्हटले तर ते शब्दशः खरे ठरेल. नारो, मोरो, धोंडो या ओकारान्त नावांचा जमाना तेव्हा सरत चालला होता. मराठी प्रमाणभाषा, शाळा आणि छापील पुस्तक यांनी नावांवरही संस्काराचा हात फिरविला. घरातला धोंडू कागदोपत्री धुंडिराज होऊ लागला. वास्तविक धुंडिराज हे काशीच्या गणपतीचे नाव, त्याचा दगडाशी संबंध नाही. परंतु कानाला जवळचे वाटले की व्युत्पत्ती कोण पाहतो?

केवळ अभिरुची बदलली म्हणून हे नाव गेले, असे समजणे मात्र चुकीचे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी दोनशेच्या आसपास बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. देवी, पटकी, १८९६नंतरचा प्लेग, १९१८चा इन्फ्लुएंझा यांनी घरेच्या घरे रिकामी केली. मग लस आली, प्रशिक्षित सुईण आली, स्वच्छ पाणी आले. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, तीन वर्षांच्या एका मुलीला; आणि १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून घोषित झाला. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर दर हजारी १६ होता. सटवाईचा धाक उरला नाही, तेव्हा तिला फसविण्याची गरजही उरली नाही. अपत्ये जगू लागली, म्हणून ती मोजकी असावीत असा विचार रुजू शकला. आणि तो विचार ‘समाजस्वास्थ्य’मधून १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे हिरिरीने मांडणारा संपादक ‘धोंडो’चाच पुत्र असावा, हा योगायोग विलक्षण आहे. धोंडो हे नाव नामशेष झाले याचे म्हणूनच दुःख करण्याचे कारण नाही. ज्या भयातून ते जन्मले होते, ते भय गेले.

दगडू नावाची दुसरी एक बाजू आहे आणि ती नोंदविल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावकुसाबाहेरच्या वस्तीत अशी नावे दृष्ट लागू नये एवढ्याचसाठी पडत नसत. चांगले नाव घेण्याचा अधिकारही तेथे नाकारला जाई. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’ या आत्मकथनात दया पवार हे आपल्यातल्याच दगडू मारुती पवारशी बोलतात. लेखकाने आपल्या नावाची अशी दोन माणसे करावीत, यातच समाजाने दिलेल्या नावाचे ओझे किती होते ते कळते. पुढे २०१४ साली ‘टाइमपास’ या चित्रपटाचा नायक दगडू झाला आणि तरुणांनी त्याला डोक्यावर घेतले. चित्रपटातला दगडू सर्वांना आवडला, पण बारशाला ते नाव सुचविण्याचे धाडस कितीजणांनी केले असेल? आजच्या बारशात आरव, विहान, अद्विक असतात आणि अर्थ विचारला तर पालक मोबाईल काढतात.

मराठी भाषेत दगडावरून आलेला आणखी एक शब्द आहे: धोंड. ‘गळ्यातली धोंड’ म्हणजे नको असलेला भार, आणि हा वाक्प्रचार आपण कुणाविषयी योजत आलो, हे वेगळे सांगावयास नको. मुलाला धोंडो म्हणताना तो राहावा ही इच्छा होती. मुलगी मात्र न म्हणताच धोंड ठरली, आणि तिसरी किंवा चौथी मुलगी झाली की तिचे नाव पडले नकुसा, नकोशी. हेही नाव हलकेच. परंतु ते मृत्यूला फसविण्यासाठी नव्हते. पुढच्या खेपेला तरी मुलगा व्हावा म्हणून दैवाला धाडलेला तो निरोप होता, आणि तो आयुष्यभर बाळगायचा त्या मुलीने. तमिळनाडूतील काही खेड्यांत याच हेतूने मुलींचे नाव ‘वेण्डाम’, म्हणजे ‘नको’, ठेवीत आले. बंगालमधील आन्नाकाली म्हणजे ‘आता पुरे, काली’. मनुस्मृती सांगते की स्त्रीचे नाव उच्चारण्यास सुखद, मनोहर, मंगल, दीर्घ स्वराने संपणारे आणि आशीर्वादासारखे असावे. नकुसाच्या मातापित्यांनी यातली एकच अट पाळली, दीर्घ स्वराची.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा २८०हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. बारसे एकदाच होते असे म्हणतात. या मुलींचे दुसऱ्यांदा झाले आणि नाव निवडण्याची मुभा त्यांना मिळाली. हा उपक्रम निःसंशय स्तुत्य होता. पण शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी ती बातमी वाचून ‘खेड्यात अजून असे चालते’ असा जो सुस्कारा सोडला, त्याची थोडी चिकित्सा व्हावयास हवी.

शून्य ते सहा वर्षे वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली त्या ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानावर बंधने घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्रानेच १९८८ साली केला. संसदेचा कायदा १९९४चा. तरीही आकडा घसरतच गेला. साखर कारखाने, दूधसंघ आणि महाविद्यालये असलेल्या संपन्न कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली हे प्रमाण ८३९ इतके खाली होते, तर आदिवासीबहुल गडचिरोली राज्यात वरच्या स्थानी होते. जेथे यंत्र आणि पैसा पोहोचला, तेथे मुलीला नकोशी म्हणण्याची वेळच येऊ दिली गेली नाही. नकुसा निदान जन्मली तरी होती. तिच्या आईबापांनी तिला नको म्हटले आणि वाढविले. पुष्कळ सुसंस्कृत घरांनी काहीच म्हटले नाही. एखादे नाव समाजातून नाहीसे झाले की भय संपले म्हणून समाधान मानावे, हा धोंडोच्या बाबतीत लावलेला हिशेब येथे लागू पडत नाही.

समारंभ झाला तो एका जिल्ह्यात आणि त्या वेळी ज्या मुली सापडल्या त्यांचा. राज्याच्या इतर भागांत आणि त्यांच्याहून मोठ्या वयाच्या स्त्रियांत हे नाव उरले, ते शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत तसेच राहिले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत बालकाच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिणे आवश्यक केले आहे. ‘धों.’ हे आद्याक्षर जसे मुलांच्या नावामागे चालत आले, तसे यापुढे आईचे नावही चालेल. ज्या आईचे नाव अजून नकुसा आहे, तिच्या बाळाचा जन्मदाखला लिहिताना ग्रामपंचायतीतला कर्मचारी एकदा तिच्याकडे पाहील आणि तेच नाव बाळाच्या नावापुढे उतरवून घेईल.