अर्धेल ते अलाइनमेंट : कचेरीच्या भाषेविषयी

रत्नागिरीतल्या एखाद्या कंपनीच्या सोमवारच्या बैठकीत आज तेच शब्द कानी पडतात, जे मुंबई-पुण्यात पडतात : ‘अलाइन होऊ या’, ‘सध्या बँडविड्थ नाही’, ‘सिनर्जी साधू या’, ‘हे ऑफलाइन बोलू’. या शब्दांची थट्टा पुष्कळ होते. पण थट्टेचा रोख बहुधा त्यांच्या इंग्रजीपणावर असतो, आणि तिथेच नेम चुकतो.

कचेरीतील परक्या शब्दांविरुद्धची पहिली मोठी मोहीम शिवकाळातली. महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावावर आहे. रचनेत धुंडिराज व्यास यांचा हात होता. दहा वर्गांच्या या कोशात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याच काळात मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबिराचा सुमंत झाला. पेशवा हा मुख्य प्रधान ठरला.

पुढे काय झाले? अठराव्या शतकात सारी सत्ता ज्याच्या हाती एकवटली, त्याला लोक ‘पेशवा’च म्हणत राहिले. ‘अमात्य’ आणि ‘सचिव’ मात्र बावडा व भोर येथील घराण्यांच्या वंशपरंपरागत पदव्या होऊन बसले. शब्द शुद्ध राहिला, त्यातले काम निघून गेले.

दुसरी मोहीम थेट रत्नागिरीची. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी येथूनच चालवली. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. या चळवळीला मिळालेला सर्वांत अनपेक्षित अनुयायी म्हणजे माधव जूलियन : १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ देणारा हा फारसीचा प्राध्यापक, आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिणाराही तोच!

दोन्ही मोहिमांचा प्रश्न एकच होता : शब्द आला कुठून? तो काय सांगतो आणि काय लपवतो, हा प्रश्न मागे राहिला. वास्तविक तो विचारायला रत्नागिरीसारखी दुसरी जागा नाही.

कोकणातल्या खोतीची परिभाषा पाहा. ‘अर्धेल’ म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताचा, ‘तिर्धेल’ म्हणजे तिसरा हिस्सा. पद्धत जुलमी होती, यात शंका नाही. पण तिचा शब्द उघडा होता. निरक्षर कुळालाही तो ऐकताच आपल्या कणगीतून किती जाणार हे कळे. जे मोजता येते त्याच्याशी भांडता येते. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने ती संपुष्टात आली.

आता ‘राइटसायझिंग’शी भांडून दाखवावे. किती माणसे घरी बसणार, कोणी ठरवले, केव्हापासून, यांपैकी काहीही त्या शब्दात नाही. ‘रिसोर्स’ कमी केले म्हणताना माणूस कमी झाल्याचे बोलणाऱ्यालाही जाणवत नाही. ‘बँडविड्थ’ हा अभियंत्याच्या तोंडी काटेकोर मोजमापाचा शब्द; व्यवस्थापकाच्या तोंडी तो फक्त ‘नाही’ न म्हणण्याची सोय आहे.

आणि हा दोष इंग्रजीचा नव्हे. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली, आणि सरकारी कचेऱ्यांतून वाक्ये उमटू लागली : ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे’, ‘उचित कार्यवाहीस्तव सादर’. हणमंते आणि सावरकर, दोघांच्याही कसोटीला ही वाक्ये निर्दोष उतरतील. मात्र विचार कोण करतो आहे, कार्यवाही कोणी करायची, याचा पत्ता नाही. कर्मणी प्रयोगाने कर्त्याला इतके सुरक्षित अन्यत्र कुठे ठेवले नसेल. उलट ‘तगादा’ आणि ‘बाकी’ हे मूळचे अरबी, पण दारात आले की कोणी कोणाचे किती द्यायचे हे लगेच समजते.

आंब्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज दिलेला बागायतदार खिडकीपाशी येऊन पैसे कधी मिळणार ते विचारतो. ‘तारीख’ म्हणावे की ‘दिनांक’, यावर शंभर वर्षे वाद झाला. त्याला दोन्हींपैकी एकही मिळत नाही.