आईच्या ताटाचा हिशेब

पाचला उठून नळाचे पाणी, डबे, मुलांची शाळा, मग कचेरी. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. अशात कोणी 'व्यायाम करा' म्हटले की आम्हा नोकरदार बायकांना हसूच येते. जिना चढताना धाप लागली तर आम्ही म्हणतो, वय झाले!

भगिनींनो, आधी रक्त तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन निदान १२ हवे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. पाळीत जास्त जात असेल तर तेही न लाजता सांगावे.

घरखर्चाची पै न् पै आम्ही लिहून ठेवतो. स्वतःच्या ताटाचा हिशेब मात्र कुठेच नाही. सर्वांचे झाल्यावर उरेल ते आपले, नाहीतर चटणी-भाकर. मोडाची मटकी, पालेभाजी, जमेल तेव्हा मटण किंवा सुकट आपल्याही ताटात पडले पाहिजे, आणि सर्वांबरोबर बसून. वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा नको. खाल्लेले लोह अंगी लागत नाही. (हे आम्हालाही जड जाते!)

अंगात बळ आले की चालायला लागा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्याइतकी हालचाल सांगते. एक स्टॉप अलीकडे उतरले तरी सुरुवात होते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर शौचास काळे होते, त्याला भिऊ नये. पोट बिघडले तर गोळ्या फेकून देऊ नका, डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घ्या.