जॅक ब्रूस जास्त वाजवत होता का?

क्रीम या ब्रिटिश बँडची गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती चुलतभावाच्या टेपरेकॉर्डरवर. घरात आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. दुबईहून येताना त्यांनी तो टेप आणि चार-पाच कॅसेटी आणल्या होत्या. छोट्या स्पीकरमधून एरिक क्लॅप्टनची गिटार आणि जिंजर बेकरचे ड्रम तेवढे ऐकू यायचे. खर्ज जवळजवळ गायब. त्यामुळे क्रीम म्हणजे क्लॅप्टनचा बँड, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती.

पुढे बरा हेडफोन हाती आला आणि ‘क्रॉसरोड्स’ पुन्हा ऐकलं. मार्च १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये रेकॉर्ड झालेलं, जेमतेम चार मिनिटांचं गाणं. त्यातल्या क्लॅप्टनच्या सोलोंवर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. पण त्या सोलोंच्या खाली जॅक ब्रूस काय करतोय ते ऐका. बेसवाल्यानं मूळ स्वर धरून ठेवावा, ही अपेक्षा. हा वर चढतो, गिटारला उत्तर देतो, मध्येच तिला ढकलतो. आणि तरीही ठेका हलत नाही. माझ्या मते ब्रूसचे सर्वांत चांगले सोलो असे दुसऱ्याच्या सोलोखाली दडलेले आहेत.

हे धाडस कुठून आलं? ब्रूस १९४३ साली ग्लासगोजवळ जन्मला. शिष्यवृत्तीवर तिथल्या संगीत अकादमीत चेलो शिकत होता आणि संध्याकाळी जॅझ बँडमध्ये बेस वाजवत होता. अकादमीला ते पसंत नव्हतं. एक काहीतरी निवड म्हटल्यावर त्यानं अकादमी सोडली. १९६२ मध्ये तो लंडनला अलेक्सिस कॉर्नरच्या बँडमध्ये उभा बेस वाजवत होता, ड्रमवर होता चार्ली वॉट्स. मग ग्रॅहम बाँडचा बँड. तिथं काही काळ गिटारवर जॉन मॅकलाफ्लिन होता, जो पुढे आपल्या झाकिर हुसेनबरोबर ‘शक्ती’त वाजवू लागला. याच बँडमध्ये ब्रूस इलेक्ट्रिक बेसकडे वळला आणि इथंच बेकरशी त्याचं बिनसलं. बेकरची तक्रार एकच: हा फार वाजवतो. भांडणं स्टेजवर मारामारीपर्यंत गेली आणि १९६५ मध्ये बेकरनं त्याला बँडबाहेर काढलं.

गंमत अशी, की वर्षभरात बेकर नवा बँड काढायला क्लॅप्टनकडे गेला, तर त्यानं अट घातली की बेसवर ब्रूसच हवा. जॉन मेयॉलच्या बँडमध्ये थोडे दिवस दोघांनी एकत्र वाजवलं होतं, तेवढ्यावर क्लॅप्टननं माणूस ओळखला होता. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ची जी सुरावट जगभरची पोरं गिटारवर पहिल्या आठवड्यात शिकतात, ती ब्रूसला जिमी हेंड्रिक्सची मैफल ऐकून आल्यावर सुचली होती. बेसवर.

त्याच्या आवाजाबद्दल बोलायलाच हवं. त्याचा गिब्सन ईबी-३ हा आखूड बेस. तारेची लांबी साडेतीस इंच, फेंडरची नेहमीची चौतीस. आखूड तार ओढायला सोपी, म्हणून ब्रूस बेसवरही गिटारसारखा स्वर ओढून मींडेसारखा वाकवतो. तो बेस मोठ्या मार्शल ॲम्प्लिफायरवर ताणून वाजवला, की एक जाडसर, घोगरा, किंचित फाटलेला आवाज येतो. बेस स्वच्छ गोल हवा असं मानणाऱ्यांना तो खटकतो. मला तो माणसाच्या गळ्यासारखा वाटतो, आणि ब्रूस गायकही होताच.

बेकरची तक्रार मात्र अगदी खोटी नव्हती. एका मैफलीत आपण वाजवणं थांबवलं तरी त्या दोघांच्या लक्षातच आलं नाही, असं क्लॅप्टननं पुढे सांगितलं आहे. ‘स्पूनफुल’ची जवळजवळ सतरा मिनिटांची लाइव्ह आवृत्ती ऐकताना मलाही काही ठिकाणी वाटतं, बाबा रे, आता श्वास घे. पण तोच माणूस स्टुडिओत तीन मिनिटांच्या गाण्यात एक स्वर जास्त टाकत नाही. म्हणजे आवरणं त्याला येत होतं. स्टेजवर त्याला आवरायचं नव्हतं. अकादमीनं आवर म्हटलं, बेकरनं आवर म्हटलं. त्यानं ऐकलं असतं तर बँडला एक सज्जन बेसवाला मिळाला असता आणि ‘क्रॉसरोड्स’ अर्धं झालं असतं.

गेल्या ईदला भाईजान घरी आले तेव्हा त्यांच्या कानांना हेडफोन लावून तेच गाणं ऐकवलं. अर्ध्यातच हेडफोन काढून त्यांनी विचारलं, “अरे, हा दुसरा गिटारवाला कोण?”