आदिमानव ‘रानटी’ नव्हता

वऱ्हाडाचा इतिहास कोठून सुरू होतो, असे विचारले की उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणी कौंडिण्यपूरचे नाव घेतो, कोणी अचलपूरच्या इमादशाहीचे, कोणी गाविलगड-नरनाळ्याच्या बुरुजांकडे बोट दाखवतो. फार तर वाकाटकांपर्यंत मजल जाते. जेथे राजा नाही तेथे इतिहास नाही, ही समजूत आपल्यात खोल मुरलेली आहे. या समजुतीने ज्यांच्या वाट्याला कधी सिंहासन आले नाही, ते सारे आपोआप इतिहासाबाहेर ठरतात. आपल्या विद्यालयात मुले पाठविणारी बहुसंख्य घरे अशीच आहेत. म्हणूनच या स्मरणिकेत राजेरजवाड्यांना बाजूला ठेवून अश्मयुगाविषयी लिहावे, असे मला वाटले.

शाळेत आदिमानवाचा पाठ सहसा एका तासात उरकला जातो. कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव, बुद्धिमान मानव ही नावे मुले पाठ करतात. (नावे मोठी अर्थपूर्ण आहेत, ज्यांनी ती मराठीत घडविली त्यांचे आभार मानायला हवेत.) पण फळ्यावर आणि मार्गदर्शिकांत उरतात ती तीन वाक्ये : आदिमानव रानटी होता, तो गुहेत राहत असे, तो कच्चे मांस खात असे. गेली अनेक वर्षे मी ही वाक्ये उत्तरपत्रिकांत वाचत आलो आहे. तिन्ही वाक्ये तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

गुहेचेच घ्या. प्रवरेच्या काठी नेवाशाजवळ चिरकी येथे गुड्रुन कोर्विनस या जर्मन विदुषीने १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले. तेथे गोट्यांच्या थरात दगडी हातकुऱ्हाडी, फरश्या, छिलके विपुल संख्येने मिळाले, सोबत मोठ्या जनावरांची हाडेही मिळाली. हे स्थळ गुहा नाही. नदीकाठची उघडी जागा आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्राच्या नद्या पायी धुंडाळल्या, तेव्हा पुराश्मयुगीन माणसाच्या खुणा त्यांना प्रामुख्याने नद्यांच्या पात्रांत आणि दरडींतच सापडल्या. पाणी, पाण्यावर येणारी जनावरे आणि हत्यारासाठी लागणारा दगड या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र मिळत, तेथे माणूस राहत असे. गुहेत ऊनवारा पोहोचत नाही, म्हणून तेथल्या खुणा अधिक टिकल्या. त्यामुळे माणूस गुहेतच राहत होता असा भ्रम झाला.

आता कच्च्या मांसाचे पाहू. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा मिळाल्या आहेत. आपल्या बुद्धिमान मानवाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तसेच केवळ मांसावर माणूस जगला, हे चित्रही अपुरे आहे. हाडे आणि दगड मातीत टिकतात. कंद, फळे, मध, पालेभाजी टिकत नाहीत. मागे उरलेल्या वस्तूंवरून आपण भालेवाला पुरुष रंगवला आणि काठीने कंद उकरणारी बाई चित्रातून गळाली. उष्ण प्रदेशातील ज्या शिकारी-संकलक समाजांचा अभ्यास झाला आहे, त्यांपैकी अनेकांत रोजच्या अन्नाचा मोठा वाटा स्त्रियांच्या हातून येतो. पाठ्यपुस्तकातील चित्रात मात्र ती बहुधा विस्तवाजवळ मूल घेऊन बसलेली असते.

तिसरा शब्द ‘रानटी’. जॉर्जियातील दमानिसी येथे सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या मानवी कवट्या मिळाल्या. त्यांतील एका वृद्धाच्या तोंडात एखादाच दात उरला होता; बाकीच्यांच्या खोबणी भरून आल्या होत्या. याचा अर्थ, दात पडल्यावरही तो माणूस बराच काळ जगला. इराकमधील शानिदार गुहेतील एका निअँडरथल माणसाचा उजवा हात निकामी झालेला होता, एका डोळ्याजवळ जबर मार बसलेला होता, तरी तो अनेक वर्षे जगला. अशा माणसांना अन्न मिळवून देणारे, त्यांच्यासाठी थांबणारे कोणीतरी असल्याशिवाय हे घडणे कठीण आहे. संशोधक यावर सावधपणे बोलतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र यात करुणेचा फार जुना पुरावा दिसतो, तोही कोणत्याही ग्रंथाच्या आधीचा.

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्या वऱ्हाडात काय आहे?

आपली पूर्णा सातपुड्यात उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून वाहत चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यातील खाऱ्या पाण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या नावे ठेवत आलो. खारपाणपट्ट्यातल्या गावात मुलगी देताना पूर्वी लोक दोनदा विचार करीत. पण याच खोऱ्यातील गाळाच्या जाड थरांत फार जुना काळ दडलेला आहे. या गाळात ज्वालामुखीच्या राखेचे थर आढळले आहेत. वऱ्हाडात तर त्या काळी जागृत ज्वालामुखी नव्हता, मग राख आली कोठून? सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीचा महास्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला आणि त्याची राख वाऱ्याने भारतभर पसरली. पूर्णेच्या राखेचा संबंधही अभ्यासकांनी त्याच स्फोटाशी जोडला आहे. आंध्रातील ज्वालापुरम येथे या राखेच्या थराखाली दगडी हत्यारे मिळाली आणि थराच्या वरही मिळाली. आकाशातून राख कोसळली, तरी माणूस टिकला. दुष्काळाने पिचलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट सांगायला नको का?

जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. एके काळी महाराष्ट्रात शहामृग धावत होते, हे ऐकून मुले हसतात. त्यांना नवल वाटते ते पक्ष्याचे. मला वाटते ते मण्याचे. इतके लहान भोक पाडायला किती वेळ लागला असेल, आणि तेवढा वेळ भुकेच्या धावपळीतून त्या माणसाला मिळत होता.

आणि अगदी घराजवळचे सांगायचे, तर अमरावती-बैतूल सीमेवरील सातपुड्यात, धारूळच्या परिसरात चित्रांनी भरलेले शैलाश्रय आहेत. २००७ साली अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सहकारी यांनी ते उजेडात आणले. पुढे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी गाविलगडच्या रांगेत आणखी शैलाश्रयांची नोंद केली. माणसे आणि जनावरे येथे दगडावर रंगवलेली आणि कोरलेली आहेत. सारी चित्रे एकाच काळातली नाहीत. जुन्यावर नवे काढलेले दिसते. हा शोध लावणारे पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते, हौसेने रानात फिरणारे अमरावतीकर होते, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो.

हे सांगत असताना एका वर्षी धारणीकडच्या एका मुलीने विचारले, “सर, रानटी म्हणजे रानात राहणारे ना? मग आम्ही पण रानटीच का?” वर्ग हसला. ती हसली नाही. आपल्या वसतिगृहात मेळघाटातील कोरकू मुले-मुली राहतात, त्यांच्या पाठीमागे हा शब्द कसा वापरला जातो, हे आपण सारे जाणतो. आपल्यालाही एके काळी अशाच शब्दांनी गावाबाहेर ठेवले होते. पाठातील एक विशेषण शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलीला असे जाऊन लागते.

यावर दुसऱ्या टोकाला जाणारेही आहेत. मेळघाट दाखवायला नेणारे काही जण ‘येथे आदिमानव अजून पाहायला मिळतो’ असे सांगतात. हे कौतुक अपमानाहून फारसे वेगळे नाही. कोरकू लोक आपलेच समकालीन आहेत. ते शेती करतात, निवडणुकीत मत देतात, त्यांची भाषा मुंडा कुळातील आहे आणि तिला स्वतःचा इतिहास आहे. आदिमानव हा जितका त्यांचा पूर्वज, तितकाच माझा आणि तितकाच गावच्या पाटलाचा.

काळाचे हे माप मुलांना आकड्यांत कळत नाही. म्हणून मी रस्त्याचे माप वापरतो. अमरावती ते अकोला सुमारे शंभर किलोमीटर. बुद्धिमान मानवाचा आजवरचा काळ सुमारे तीन लाख वर्षांचा; तो या रस्त्यावर पसरला, तर एक किलोमीटर म्हणजे तीन हजार वर्षे. अमरावतीहून निघालो, बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले, माणूस शिकार करतो आहे, कंद गोळा करतो आहे. मूर्तिजापूर मागे टाकल्यावर अकोला पंचवीसेक किलोमीटर उरते, तेथे तोबाची राख पडते. बोरगाव मंजू ओलांडले. अकोल्याच्या आठ किलोमीटर अलीकडे पाटण्याचा मणी. शेवटच्या चार किलोमीटरांत जगात शेती येते. तथागतांचा काळ अकोल्याच्या मुक्कामापासून साडेआठशे मीटरांवर. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील हत्यारे पंधरा लाख वर्षांपर्यंत मागे जातात. त्यांच्यासाठी हा रस्ता अमरावतीच्या मागे थेट रायपूरच्या आसपास न्यावा लागेल.

मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, “आणि जात कुठे?” ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या सक्तीत आहे आणि ती सक्ती मूळच्या बहिर्विवाही समाजावर नंतर लादली गेली, असे त्यांनी मांडले. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते आपल्याकडील अनेक समूहांतील मिश्रण सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी थांबले. म्हणजे ढोबळमानाने दीड हजार वर्षांपूर्वी. आमच्या रस्त्यावर हे अंतर पाचशे मीटर भरते. साडेनव्व्याण्णव किलोमीटर माणूस तिच्यावाचून चालला. जी गोष्ट ‘सनातन’ म्हणून आपल्याला सांगितली जाते, ती अकोला शहराच्या आत, शेवटच्या वळणावर सुरू झालेली आहे.

आदिमानवाच्या काळात सारे सुखी आणि समान होते, असे मी म्हणत नाही. मुले लहानपणीच मरत, दुखापती होत, टोळ्यांत मारामाऱ्याही होत असतील. तेव्हाचा माणूस देवमाणूस नव्हता. तो आपल्यासारखा माणूस होता, एवढेच पुराव्यावरून म्हणता येते आणि तेवढे पुरेसे आहे.

२०२३ मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. आपल्या मुलांनी माणूस कसा घडला हे कोठे शिकायचे, हा प्रश्न त्यामुळे आणखी निकडीचा झाला आहे. निवासी शाळेला येथे एक सोय आहे : आमच्याकडे संध्याकाळ असते. घंटा झाली की मुले घरी जात नाहीत.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना म्हणून काही विनंत्या आहेत. सहल दरवर्षी अजिंठ्याला जाते, ती जावीच. पण एखाद्या वर्षी बैतूल-इटारसीमार्गे भीमबेटकाला न्यावी. १९५७ साली वि. श्री. वाकणकरांना आगगाडीतून दिसलेले ते खडक आता जागतिक वारसा आहेत. धारूळच्या बाजूला कोणी गेलेच, तर चित्रांना हात लावू नये, ती उठून दिसावीत म्हणून पाणी शिंपडू नये, दगडावर आपले नाव तर मुळीच लिहू नये. वखरताना शेतात धारदार कडांची गारगोटी किंवा घडवलेला काळा दगड दिसला, तर तो उचलून दिवाणखान्यात ठेवण्यापेक्षा जागेची नोंद करावी, मोबाईलवर छायाचित्र काढावे आणि शाळेकडे पाठवावे. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागापर्यंत ते पोहोचविण्याचे काम मी आणि आठवीचा वर्ग करू. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अचलपूर या तालुक्यांत आपले माजी विद्यार्थी शेती करतात. पूर्णेच्या दरडी त्यांच्या बांधाला लागून आहेत आणि पावसाळ्यात त्या दरवर्षी थोड्या ढासळतात.